मागच्या चाकावरचा भार

जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून धुळ्याच्या पारोळा रोडपर्यंत कुठल्याही टायरच्या दुकानात पिकअपवाला आला की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: जास्त प्लायचा कोणता आहे? आठऐवजी दहा, दहाऐवजी बारा. प्लाय वाढला की टायर दणकट, आणि टायर दणकट असला की माल जास्त चढवायला हरकत नाही, असा हा हिशेब. तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा दर उन्हाळ्यात महामार्गाच्या कडेला रबराच्या फाटलेल्या पट्ट्यांच्या रूपाने पडलेला दिसतो.

खानदेशात पिकअप ही शेतीचीच गाडी झाली आहे. बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त, टाटाची इंट्रा आणि २००५ साली आलेली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, यांच्याशिवाय इथला एकही बाजार हलत नाही. रावेर, यावल, चोपड्याची केळी बागेतून काढून सावदा-फैजपूरकडे न्यायची, पारोळा-अमळनेरचा कापूस जिनिंगला पोचवायचा, साक्री-पिंपळनेरचा कांदा मार्केटला उतरवायचा, दोंडाईच्याला मिरची टाकायची. मधल्या दिवसांत वाळू, विटा, सिमेंट, खताची पोती. वर्षभरात एकाच हौद्यात इतक्या तऱ्हेचा माल पडतो, आणि प्रत्येक माल डोळ्यांना वेगळं वजन सांगतो. टायरची निवड बिघडते ती इथूनच.

कापसाने भरलेली पिकअप समोरून आली की अंगावर डोंगर आल्यासारखी वाटते, पण सुटा कापूस जागा खातो आणि वजनाला हलका पडतो. तिथे भीती टायर बसण्याची कमी, उंच ढिगामुळे वळणावर गाडी कलण्याची जास्त. केळीचं उलट आहे. घड २० ते २५ किलोचा धरला तर ८० घड म्हणजे १,६०० ते २,००० किलो, आणि एवढे घड हौद्यात ठेवल्यावर गाडी फार भरल्यासारखी दिसतही नाही. बागेत कुणी काटा घेऊन बसत नाही. मजूर घड मोजतात, ड्रायव्हर नजरेने ठरवतो आणि गाडी निघते.

सगळ्यात फसवी वाळू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १.६ टन भरते, त्यामुळे एका ब्रासचं वजन साडेचार टनांच्या आसपास जातं. आता नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौदा डोळ्यांपुढे आणा. त्याचं क्षेत्रफळ जवळपास ५० चौरस फूट. त्यात फक्त फूटभर उंचीचा थर दिला की अर्धा ब्रास झाला, म्हणजे सव्वादोन टन. नदीतून नुकतीच काढलेली ओली वाळू असेल तर आणखी जास्त. फाळक्याच्या काठालाही न पोचलेला हा माल दीड टन क्षमतेच्या गाडीवर अर्ध्या पटीने जादा झालेला असतो. काठोकाठ कापूस भरलेली गाडी पाहून आपण काळजी करतो आणि फूटभर वाळूची गाडी आपल्याला रिकामी वाटते.

म्हणून टायर निवडताना पहिला प्रश्न प्लायचा नसावा. मागच्या एका चाकावर जास्तीत जास्त किती किलो येणार आहेत, हा असावा. पिकअप रिकामी असते तेव्हा इंजिन आणि केबिनमुळे पुढच्या चाकांवर वजन जास्त असतं. माल चढला की जवळजवळ सगळा मागच्या एक्सलवर जातो, कारण हौदा त्याच्याच डोक्यावर बसवलेला आहे. समजा रिकामी गाडी १,७०० किलोची आहे, त्यातले १,००० पुढे आणि ७०० मागे. तिच्यावर १,३०० किलो माल चढवला आणि त्यातला १,२०० मागच्या एक्सलने घेतला, तर मागे १,९०० किलो झाले. एका चाकाला ९५०. हे सपाट रस्त्यावर, माल नीट मध्ये ठेवलेला असताना. रस्त्याचा उतार एका बाजूला असला, वळण आलं, पोती एका कडेला सरकली, की एका चाकाचा वाटा सहज दहा टक्क्यांनी वाढतो. मग १,०४५ किलो.

आणि फाळका पाडून माल मागे बाहेर काढायची सवय असेल तर हिशेब आणखी बिघडतो. मागच्या चाकांच्या पाठीमागे एक मीटरवर २०० किलो लोंबत असतील आणि दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या एक्सलवर २०० नव्हे तर २६७ किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरचे ६७ किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं ते याच कारणाने. ड्रायव्हरला ते बरं वाटतं, पण पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड कमी झालेली असते.

आता टायरच्या कडेवर काय छापलंय ते वाचू. टाटा एसच्या टायरवर १४५ आर १२ एलटी ८ पीआर असं काहीसं असतं. १४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, आर म्हणजे रेडियल, १२ हा रिमचा इंचातला व्यास, एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीसाठी बनवलेला, आणि ८ पीआर हे प्लाय रेटिंग. मोठ्या बोलेरो पिकअपला ७.०० आर १५ एलटी हे माप दिसतं. त्यात रुंदी इंचात दिलेली असते. या सगळ्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, दोन आकडे आणि एक अक्षर असतं. उदाहरणार्थ ८६/८४ आणि पुढे एखादं एन किंवा पी. गिऱ्हाईक हे सहसा वाचत नाही, आणि खरी माहिती तिथेच आहे.

हा लोड इंडेक्स. प्रत्येक आकड्याला किलोमधला एक भार ठरलेला आहे आणि तो जगभर सारखाच आहे. ८६ म्हणजे एका टायरला ५३० किलो, १०० म्हणजे ८००, १०२ म्हणजे ८५०, १०६ म्हणजे ९५०, ११० म्हणजे १,०६०, ११२ म्हणजे १,१२०. पहिला आकडा एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाक असेल तेव्हाचा. आपल्या पिकअपला मागे एका बाजूला एकच चाक असतं, म्हणून पहिला आकडा बघायचा. वरच्या उदाहरणात चाकावर १,०४५ किलो येत होते, तर ११० इंडेक्सचा टायर जेमतेम पुरतो. १०६ चा कागदावर बरोबर ९५० किलोला पुरेल, पण पहिल्याच वळणावर त्याची मर्यादा ओलांडली जाईल. पुढचं अक्षर वेगाचं: एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन १४०, पी १५०, क्यू १६०. पिकअपला यातलं कुठलंही पुरेसं असतं. तिथे जास्तीच्या अक्षरासाठी पैसे घालायची गरज नाही.

यावर काही जण म्हणतील, मग १२ प्लाय, मोठ्या इंडेक्सचा टायर टाकू आणि दोन टन चढवू. इथे मला ठामपणे सांगायचं आहे: टायर बदलून गाडीची पासिंग बदलत नाही. आरसी बुकावर लिहिलेलं एकूण वजन हे एक्सल, कमानपाटे, हब बेअरिंग, ब्रेक आणि चासी यांतला सगळ्यात कमजोर भाग धरून ठरवलेलं असतं. दणकट टायरमुळे त्यातला एक भाग मजबूत होतो, बाकीचे तिथेच राहतात. उलट धोका वाढतो, कारण आधी टायर बसलेला दिसायचा आणि ड्रायव्हर थांबायचा, आता टायर ताठ उभा राहतो आणि ताण गुपचूप बेअरिंगवर आणि ब्रेकवर जातो. दंडही लहान राहिलेला नाही: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा मालासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. दणकट टायर घ्यायचा तो मंजूर वजन निर्धास्त वाहण्यासाठी.

चाकावरचं वजन अंदाजाने काढायचीही गरज नाही. महामार्गावर, जिनिंगपाशी, बाजार समितीच्या आवारात वजनकाटे आहेत. नेहमीची खेप भरून गाडी काट्यावर न्या आणि आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या. मग पुढची चाकं काट्याच्या बाहेर काढून फक्त मागची काट्यावर ठेवा आणि दुसरी पावती घ्या. त्या आकड्याचं निम्मं, त्यावर दहा टक्के, आणि टायरचा लोड इंडेक्स हातात आला. हे दोन मिनिटांचं काम आहे.

प्लायबद्दल थोडं. पूर्वी टायरच्या आत सुती धाग्यांचे थर असत आणि ८ प्लाय म्हणजे खरोखर आठ थर. नायलॉन, पॉलिएस्टर आणि पोलाद आल्यावर तेवढीच ताकद कमी थरांत मिळू लागली. आजच्या ८ पीआर टायरमध्ये आठ थर नसतात. तो आठ सुती थरांच्या ताकदीइतका आहे, एवढंच त्याचं म्हणणं. त्या ताकदीचा उपयोग एकाच गोष्टीसाठी होतो, जास्त दाबाची हवा धरून ठेवण्यासाठी. गाडीचं वजन रबर उचलत नाही, धागेही उचलत नाहीत. ते दाबलेली हवा उचलते.

ही गोष्ट आकड्यात बघा. एका चाकावर ९५० किलो आहेत आणि टायरमध्ये ६० पीएसआय हवा आहे. ६० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.२ किलो. स्थूल हिशेबाने टायर रस्त्याला सव्वादोनशे चौरस सेंटिमीटरवर टेकतो, म्हणजे १५ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाएवढा. हवा ४५ वर आली की तेवढंच वजन पेलायला ३०० चौरस सेंटिमीटर लागतात. म्हणजे टायरला जास्त चपटं व्हावं लागतं, आणि त्याची कड जास्त वाकते. १२ प्लायचा टायर ४५ हवेवर चालवला तर तो १२ प्लायचं काम करत नाही. जास्त प्लायसाठी दिलेले पैसे हवेच्या पंपावर वाया जातात.

आता वाकण्याचं काय एवढं? पिकअपच्या चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. ताशी ८० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ दहा फेऱ्या मारतं. प्रत्येक फेरीत कडेचा प्रत्येक भाग एकदा वाकतो आणि एकदा सरळ होतो. रबर वाकवताना दिलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णता म्हणून स्वतःत ठेवतं. धुळ्याहून जळगावला जाईपर्यंत हे हजारो वेळा होतं. जाड रबरातून ही उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून जड टायर हलक्यापेक्षा आतून जास्त तापतो. आतलं तापमान वाढत गेलं की रबर आणि धागे, रबर आणि पोलादी पट्टे यांचा सांधा मऊ पडतो. मग एका ठिकाणी थर सुटतो, तिथे घर्षण वाढतं, तिथे आणखी उष्णता. शेवटी वरचं रबर पट्टीसारखं उडतं किंवा कड फाटते. लोक म्हणतात टायर अचानक फुटला. आत ते कित्येक दिवस चाललेलं असतं.

यात खानदेशचं ऊन मिळवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांवर तापलेला असतो. चाकाला थंड व्हायला जागाच नाही. त्यात रस्ते बदलले. चिखली-तरसोद आणि तरसोद-फागणे या टप्प्यांत राष्ट्रीय महामार्ग ५३ चौपदरी झाला, आणि जुन्या दुपदरी सहा नंबरवर ताशी पन्नासने धक्के खात जाणारी पिकअप आता न थांबता ऐंशी-नव्वदने जाते. पूर्वी खड्डा, फाटक, गावातली गर्दी यांमुळे टायरला मध्ये मध्ये विसावा मिळायचा. तो गेला. चांगल्या रस्त्याने टायरचं काम अवघड केलं आहे, हे मान्य करायला आपण अजून तयार नाही. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा लगेच सुरू झाली. परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासावे लागले. तोच धडा आपल्या महामार्गालाही लागू आहे.

उन्हाळ्यात एक चूक सर्रास होते. दुपारी हवा तपासली, काटा ६८ दाखवतो, भरली होती ६०, म्हणून आठ काढून टाकली. हवेचं साधं गणित असं: सकाळी ३० अंशांवर ६० पीएसआय भरलेली हवा टायरच्या आत ६५ अंशांवर गेली की दाब ६८ च्या पुढे जातोच. यात गळती नाही, जादा भरणंही नाही. टायर बनवणाऱ्याने ही वाढ गृहीत धरलेली असते. ती काढली की संध्याकाळी टायर थंड झाल्यावर आत पन्नास-बावन्नच उरते, आणि रात्री केळी भरून गाडी तशीच निघते. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी बघायची, आणि किती भरायची ते गाडीच्या मॅन्युअलमधल्या मालासहितच्या आकड्यावरून ठरवायचं. नायट्रोजनचा आग्रह धरायची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. कोरडी हवा वेळेवर भरली तर बहुतेक फायदा मिळतो.

घाटातली उष्णता वेगळ्या वाटेने येते. कन्नडच्या घाटाने चाळीसगावकडे, लळिंगच्या उताराने धुळ्याकडे किंवा सुरतेकडे जाताना कोंडाईबारीत भरलेली गाडी ब्रेकवर उतरवली की ब्रेकड्रम तापतो, त्याची धग रिमला लागते आणि रिममधून टायरच्या काठाला आणि ट्यूबला. कन्नड घाटात २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनं बंद झाली, पण पिकअप त्याच घाटातून जातात. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवावी, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं टायरच्या दृष्टीनेही अचूक आहे.

रेडियल घ्यावा की नायलॉन? आपल्याकडे नायलॉन म्हणतात त्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात. त्यामुळे कड आणि माथा एकत्र हलतात, कड जाड आणि सोशिक होते, पण थर एकमेकांवर घासून उष्णता वाढवतात. रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि माथ्याखाली पोलादी पट्टे असतात. कड स्वतंत्र वाकते, माथा सपाट राहतो, टायर थंड चालतो, डिझेल वाचतं आणि झीज सावकाश होते. माझं मत स्पष्ट आहे: आठवड्यातले बरेचसे दिवस महामार्गावर जाणाऱ्या गाडीला रेडियलच. खाणीतून बांधकामापर्यंत दहा-पंधरा किलोमीटर, ताशी तीसने जाणाऱ्या गाडीला नायलॉन अजून शोभतो, कारण तिथे उष्णतेपेक्षा दगडाचा घाव मोठा असतो. एकाच एक्सलवर दोन प्रकार मात्र कधीच घालू नयेत. दोन्ही वेगवेगळे वाकतात आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते.

खरं तर जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांची जमीनच दोन वेगळे टायर मागते. तापीच्या काठाने रावेर, यावल, चोपड्याचा पट्टा गाळाचा आहे. शेकडो फूट खोल गाळ, वर काळी माती, दगड शोधावा लागतो. पाऊस पडला की शिवाररस्त्यावर ती माती टायरला चिकटते, खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत होतं. पिकअप मागच्या चाकांनी ढकलली जाते, आणि बागेत शिरताना ती रिकामी असल्याने मागे वजनच नसतं. चाक जागेवर फिरत राहतं. अशा गाडीला मागे रुंद, मोकळ्या खाचांचा टायर हवा, ज्यातून फिरताना माती आपोआप झडते. पुढे मात्र सरळ रेघांचा रिबचा टायर बरा, तो स्टिअरिंगला सरळ ठेवतो आणि महामार्गावर कमी तापतो. मागे फार जाड बटणं घेतली तर चिखलात गाडी निघेल, पण उन्हाळ्यात महामार्गावर तीच बटणं हलून तापतात आणि लवकर झिजतात. वर्षातले तीन-चार महिने चिखल आणि बाकीचे डांबर असं असताना मधल्या जातीचा, रिब आणि बटणं (लग) एकत्र असलेला टायर बहुतेकांना पुरतो.

धुळ्याकडे गेलात की साक्रीच्या वाटेला दगड बोलायला लागतो. हा सगळा दख्खनच्या लाव्ह्याचा प्रदेश, आणि नंदुरबार-धुळ्याच्या परिसरात त्याच खडकात उभ्या घुसलेल्या कठीण दगडाच्या लांबच लांब भिंती आहेत. भूशास्त्राचे अभ्यासक त्या बघायला इथे येतात. त्या काळ्या दगडाची खडी सुरीसारखी कापते. खाणीच्या रस्त्यावर, नव्याने खडी टाकलेल्या वाटेवर टायरचा माथा तुकड्यातुकड्याने उडतो आणि कडेला काप बसतात. तिथे काप सोसणाऱ्या रबराचा टायर मागावा. मात्र हे रबर साधारणपणे जास्त तापतं, म्हणून खाणीचा टायर घालून सुरतेच्या लांब खेपा करणं बरं नाही. नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त असलेला टायर कमी तापतो. दुकानदाराला खेप किती किलोमीटरची, रस्ता कसला आणि माल कोणता हे तीन तपशील आधी सांगितले तर जाणता दुकानदार योग्य टायर काढून देतो. कंपनीचं नाव त्यानंतर. नाशिकच्या सातपूरला सीएटचा कारखाना आहे आणि इतर सगळ्या मोठ्या कंपन्यांचा माल दोन्ही शहरांत मिळतो. वॉरंटीचा दावा ज्याच्याकडे लवकर सुटतो तो विक्रेता निवडावा.

ट्यूबचं एक सांगायचं राहू नये. १५ इंची पिकअप टायर अजून बरेचसे ट्यूबचे असतात, आणि नवा टायर घेताना जुनीच ट्यूब घालून दोन-चारशे रुपये वाचवले जातात. जुनी ट्यूब ताणलेली असते. नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीच्या जागी ती घासून फाटते. नव्या टायरला नवी, त्याच मापाची ट्यूब. वेड्या बाभळीचा काटा, पऱ्हाटीचा खुंट यांनी ट्यूबला भोक पडलं की हवा झपकन जाते. ट्यूबलेसमध्ये ती सावकाश जाते आणि गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. रिम ट्यूबलेससाठी बनवलेली असेल तर थोडे जास्त पैसे देऊन ट्यूबलेस घेणं मी शहाणपणाचं मानतो.

दुकानात टायर हातात आला की आधी चार आकडी तारीख बघावी. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानाबाहेर उन्हात रचलेला, दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर दिसायला नवा असतो, पण ऊन आणि ओझोन रबराला जागेवरही म्हातारं करतात. मग आयएसआयचा शिक्का. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानंतर तो सक्तीचा आहे, आणि त्यावरचा क्रमांकही वाचण्यासारखा आहे: व्यापारी वाहनांच्या टायरला आयएस १५६३६, मोटारींच्या टायरला आयएस १५६३३. पिकअपला बसेल असं सांगून कुणी १५६३३ चा टायर पुढे करत असेल तर तो मोटारीचा आहे. माप जुळलं तरी घेऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, तेव्हा पक्कं बिल टाळायला आता कारण उरलेलं नाही. बिलाशिवाय वॉरंटी मिळत नाही.

जुन्या बाजारातले टायर, विशेषतः गुळगुळीत झालेल्या टायरमध्ये गरम कटरने पुन्हा खाचा कोरलेले, पिकअपला कधीही घालू नयेत. खाचा दिसतात, पण धाग्यांवरचं रबर तेवढ्याच खोलीने कमी झालेलं असतं. रिमोल्ड, म्हणजे जुन्या कवचावर नवं रबर चढवलेल्या टायरबद्दल माझं मत इतकं कडक नाही. आतलं कवच चांगलं असेल, कंपनीच्या पद्धतीने कोल्ड प्रोसेस केलेलं असेल, तर मोठ्या ट्रकला ते परवडतं. पण पिकअपच्या टायरची किंमत आणि खानदेशचा उन्हाळा बघता बचत थोडी पडते. करायचंच असेल तर फक्त मागे, आणि दसऱ्यानंतरच्या थंड महिन्यांत. दोनच नवे टायर घ्यायची ऐपत असेल तर तेही मागेच घालावेत, कारण भार आणि गाडीचा तोल दोन्ही तिथे आहेत.

टायर कधी बदलायचा याची खूण टायरमध्येच असते. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की १.६ मिलिमीटर खाच उरली आहे, म्हणजे कायद्याची आणि सुरक्षेची हद्द संपली. त्याआधीही टायर बोलतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहते आहे, मधला पट्टा झिजला तर जास्त, पुढच्या टायरची एकच कड झिजली तर अलाईनमेंट गेलेलं आहे. कडेला फुगा दिसला तर आतले धागे तुटले आहेत. त्या टायरवर एक खेपही करू नये, स्टेपनी म्हणूनही ठेवू नये.

टायर बसवून झाल्यावर पहिले पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नवी बैठक थोडी सैलावते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पाचही टायरची हवा स्वतः मोजावी. स्टेपनी सगळ्यात विसरली जाते, म्हणून तिच्यात मागच्या चाकाइतकीच हवा ठेवावी. रात्री रावेरच्या रस्त्यावर ती बदलायची वेळ येईल तेव्हा बहुधा मागचंच चाक गेलेलं असेल, आणि वर दीड टन केळी असतील.